वळवलेलं वादळ

बंगालच्या उपसागरात उठणाऱ्या वादळांना माझ्या मोठ्या मावशीच्या यजमानांइतकं जवळून ओळखणारा माणूस त्या काळी अख्ख्या जालना जिल्ह्यात दुसरा नसेल. आणि त्यांनी समुद्र कधीच पाहिला नव्हता. समुद्र तर सोडाच, परतूरच्या स्टेशनावरून गाडीत बसून ते एका बाजूला परभणीच्या आणि दुसऱ्या बाजूला औरंगाबादच्या पलीकडे गेल्याचं कोणालाच आठवत नाही. पण मछलीपट्टणम, काकीनाडा, पुरी, पारादीप ही नावं ते अशी घ्यायचे, जशी इतर माणसं सोयऱ्यांच्या गावांची घेतात. न्याहारीला बसता बसता ते सांगत, "काकीनाड्याला कालपासून वारा सुटला म्हणं." भाकरी थापता थापता मावशी विचारी, "तिथं कोण हाय आपलं?" त्यावर काका घास तसाच हातात धरून गंभीरपणे म्हणत, "कोणीच न्हाई. तेच तर दुखणं हाय."

या काकांच्या घरी मी वाढलो. हसनाबादकडच्या आमच्या वाडीत शाळा चौथीपर्यंतच होती आणि वडील मेंढरांमागे फिरत. एक्याऐंशी साली काका कशासाठी तरी आमच्याकडे आले आणि मला जुन्या वर्तमानपत्राचा तुकडा वाचताना पाहून वडिलांना म्हणाले, "मेंढरं कोणीबी राखील. हा वाचून राह्यला तर वाचू द्या." दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या मागे चालत होतो. त्यांचं गाव परतूरपासून दोन कोसांवर. तिथून मी आधी पायी आणि मग त्यांच्याच सायकलवर परतूरच्या शाळेत जाऊ लागलो. पुढे जालन्याला कॉलेज, भूगोल विषय, पदवी, शिक्षकाची नोकरी. आमच्या सात पिढ्यांत पदवी घेतलेला मी पहिला. हे सगळं त्या एका वाक्यावर उभं आहे, म्हणून काकांविषयी लिहिताना मला हसू येतं आणि लगेच त्या हसण्याची लाज वाटते.

आमच्या भागात वादळाची भाषा किनाऱ्यावरच्या लोकांपेक्षा वेगळी. तिकडची माणसं वादळ टळावं म्हणून देवाला नवस बोलतात. आमच्याकडे मात्र आंध्राच्या किनाऱ्यावर चढलेलं वादळ जमिनीवरून येता येता वारा गमावतं आणि परतूरला पोचेपर्यंत त्याचा नुसता दोन-तीन दिवसांचा पाऊस उरतो. तो पाऊस म्हणजे विहिरीला पाणी. म्हणून काका वादळाची वाट पाहत. आणि वादळं होती की आधी आमच्या दिशेने तोंड करायची आणि मग मान फिरवून ओरिसाकडे, बंगालकडे निघून जायची. असं चार-पाचदा झाल्यावर काकांनी निष्कर्ष काढला. पारावर बसलेल्या मंडळींना ते म्हणाले, "बैल एकदा शेताच्या धुऱ्यावरून वळला तर बैलाची मर्जी. दर फेरीला त्याच धुऱ्यावरून वळत असंल तर कासरा कोणाच्या तरी हातात हाय." वादळं आपोआप उठत नाहीत, ती उठवली जातात, आणि उठवल्यावर हाकली जातात, हे त्या दिवसापासून त्यांच्यापुरतं कायमचं ठरलं.

हाकणारा कोण, याबद्दल त्यांचं मत दरसाल बदले. एक साल अमेरिका, एक साल दिल्लीतला कोणी साहेब, एक साल जहाजवाले व्यापारी. मी एकदा म्हटलं, "काका, आधी एक काय ते ठरवा." ते म्हणाले, "नावाशी मला काय करायचं? कोणीबी असो. त्याच्या ध्यानात आपला जिल्हा न्हाई, एवढंच माझं म्हणणं." त्यांच्या संशयात द्वेष असा नव्हताच. पंगतीत वाढणारा आपल्या पानावरून पुढे निघून जावा आणि त्याला हाक मारायला संकोच वाटावा, तसा त्यांचा चेहरा असे.

हाकण्याची रीतही त्यांनी शोधून काढली होती. म्हशीला हाकावं लागत नाही, तिला डबकं दाखवलं की पुरे. तसंच हे लोक मोठमोठ्या जहाजांतून समुद्राचं पाणी तापवतात आणि जिकडे गरम तिकडे वादळ जातं. पुढे कॉलेजात आमच्या प्राध्यापकांनी जेव्हा शिकवलं की वादळाला बळ मिळतं ते समुद्राच्या कोमट पाण्यातून, तेव्हा मी बाकावर बसल्या बसल्या दचकलो. जहाजं वगळली तर काका अर्ध्या वाटेपर्यंत बरोबर होते, आणि त्यांची शाळा तिसरीपर्यंत झालेली.

त्यांचा सगळा कारभार चाले तो एका ट्रान्झिस्टरवर. त्याला मावशीच्या जुन्या लुगड्याचा अभ्रा होता आणि त्याचे सेल दुपारी छपरावर वाळत घातलेले असत. उन्हात सेलांना पुन्हा जीव येतो असं काकांचं मत होतं, आणि काही वेळा तो यायचाही. इतर लोक त्यावर गाणी ऐकत, बाजारभाव ऐकत. काका ऐकत मच्छिमारांना दिलेला इशारा. तोही नुसता ऐकून सोडत नसत, पाळत. बाजाराच्या दिवशी मावशीने पिशव्या काढून ठेवलेल्या असत आणि काका बाजेवरून जाहीर करत, "आज समुद्रात जाऊ नये म्हणून सांगून राह्यलेत. परतूरला पुढच्या बाजारी जाऊ." मावशी कपाळाला हात लावी. माझ्या जुन्या नकाशाच्या पुस्तकातलं हिंदुस्थानचं पान त्यांनी धान्याच्या कोठीवर खळीने चिकटवलं होतं आणि वादळ रोज कुठे पोचलं ते ओल्या कुंकवाच्या बोटाने टिपलेलं असे. उपसागर पार लाल होऊन गेला होता. "देव्हाऱ्यातले देव कोरडे न् समुद्राला कुंकू!" मावशी म्हणे. "वादळांची खिल्लारं राखत बसा तुम्ही. दारची म्हैस सुटून राह्यली ती कोण बांधावं?"

शेजारच्या गावचा एक तरुण नौदलात होता, विशाखापट्टणमला. तो सुट्टीवर आला हे कळताच काका गोणीभर मोसंब्या घेऊन त्याच्या घरी गेले. मी बरोबर होतो. त्याला पिंपळाखाली बाजूला घेऊन काकांनी आवाज खाली आणला. "मी कोणाला सांगणार न्हाई. बिलकुल न्हाई. हाकता कसं तेवढं सांग."

"काय हाकतो, काका?"

"वादळ."

तो हसायला लागला. "वादळ आलं की आम्हीच जहाज घेऊन पळतो! कशाचं हाकणं!"

परतताना काकांनी रिकामी गोणी घडी करून बगलेत मारली. मग म्हणाले, "शपथ घातली असंल त्याला. पोरगा इमानी हाय." मोसंब्या फुकट गेल्या असं त्यांना वाटलं नाही, उलट देशाचं रहस्य सुरक्षित असल्याचं एक समाधानच त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

आणि एकदा जांब समर्थला रामनवमीच्या उत्सवात कीर्तन चाललं होतं. मारुती समुद्र ओलांडून लंकेला निघाला, असा प्रसंग बुवा रंगवत होते. तेवढ्यात पाच-सहाशे माणसांतून काका उठून उभे राहिले. "महाराज, एक विचारतो. त्या टायमाला वारा कोणीकडचा होता?" सभा खिळली. बुवाही मुरलेले. ते म्हणाले, "अहो बाबा, वारा तर त्याचा बापच!" लोक खो खो हसले. काका मात्र खाली बसत माझ्या कानात म्हणाले, "बघ. म्हंजी तव्हापासून वशिल्यावरच चालून राह्यलं हे."

आता मोसंबीच्या बागेबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिच्यात आहे. मी त्यांच्याकडे आलो त्याच वर्षी काकांनी साडेतीनशे कलमं लावली होती. त्यांना मूलबाळ नव्हतं. मी आणि ती झाडं, एवढंच त्यांनी वाढवलं. मोसंबीची एक रीत आहे. पावसाळी बहार धरायचा तर उन्हाळ्यात झाडाचं पाणी तोडतात. याला ताण देणं म्हणतात. पाणी नसलं की झाड निजल्यासारखं होतं, पानं पिवळी पडतात, गळतात. मग मे सरताना पाणी दिलं, म्हणजे ताण तोडला, की ते दचकून जागं होतं आणि फुलांनी भरून जातं. यात धोका एकच. निजलेलं झाड थोडक्या पाण्यावर तगून राहतं, पण जागं केलेलं झाड पाणी मागतं, आणि मागेल तेव्हा द्यावंच लागतं. न दिलं तर फूल तर जातंच, झाडही जातं.

बाकीचे बागवाले मृगाच्या भरवशावर सगळ्या बागेचा ताण एकदम तोडत. काका तसं करत नसत. ते विहिरीत कासऱ्याला दगड बांधून सोडत, ओल किती हात लागली ते पाहत आणि तेवढ्यावर भागतील तेवढीच झाडं जागी करत. कधी निम्मी, कधी त्याहून कमी. उरलेल्यांना जीव राहण्यापुरतं पाणी. लोक चेष्टा करत, "अहो, अर्धी बाग उपाशी ठेवता? पाऊस येऊन राह्यला ना!" काका म्हणत, "येऊन राह्यला खरा. येऊ देतील तव्हा." पुढे नव्वदीच्या दशकात विहिरी तळाला गेल्या, आजूबाजूच्या कितीतरी बागा सरपण झाल्या, काकांची बाग अर्धी-अर्धी का होईना, उभी राहिली. हे त्यांच्या त्या वेड्या संशयामुळे झालं, हे तेव्हा कोणाच्याच लक्षात आलं नाही. मी तर भूगोलाचा मास्तर. मला तर यायलाच हवं होतं.

नव्वदीचं दशक सरत असतानाची मे महिन्याची सुट्टी. मी मावशीकडे आलो होतो. उपसागरात वादळ उठलं होतं आणि आंध्राकडे सरकत होतं. काकांनी कोठीवर तीन बोटं उमटवली होती आणि ती एका रेषेत होती. मी पट्टी घेतली, रेघ पुढे ओढली. ती हैदराबादवरून नांदेड, परभणी करत बरोबर परतूरवर आली.

"येतंय काका," मी म्हणालो.

"येतंय तर. पण येऊ देतील का?"

मला आजही कळत नाही, त्या दिवशी मला काय झालं. कदाचित नोकरीला पाच-सहा वर्षं झाली होती म्हणून, कदाचित पारावर चार माणसं काकांना हसली होती ते मला लागलं होतं म्हणून. ज्या माणसाने मला शिकवलं त्याला या अडाणीपणातून बाहेर काढणं हेच आपलं कर्तव्य, असं मी मनाशी ठरवलं. तीन दिवस मी त्यांचा वर्ग घेतला. परातीत पाणी घेऊन ते गोल फिरवून दाखवलं. वारे कसे वाहतात, दाब म्हणजे काय, एका वादळात केवढी ताकद असते, जगातली सगळी जहाजं एकत्र आली तरी ते कसं तसूभर हलणार नाही, सगळं सांगितलं. काका मांडी घालून, टोपी काढून ठेवून, विद्यार्थ्यासारखे ऐकत होते. मध्येच एखादा प्रश्न विचारत. मावशी दारातून म्हणाली, "म्हातारपणी शाळेत घातलं म्हणायचं आमच्या मालकाला."

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी विचारलं, "म्हंजी कोणीच न्हाई?"

"कोणी नाही, काका."

"हाकणारा न्हाई, वळवणारा न्हाई."

"नाही."

"मंग हे येणार."

इथे मी थांबायला हवं होतं. वादळ कोणी वळवत नाही म्हणजे ते वळतच नाही, असं कुठल्याही पुस्तकात लिहिलेलं नाही. ते मला ठाऊक होतं, शिकवतही होतो. पण तीन दिवस बोलून माझा आवाज चढला होता. मी म्हणालो, "येणारच."

काका उठले. टोपी घातली. "मावशीला सांग, मी मोटार चालू करून राह्यलो. सगळ्या बागेला सोडतो."

मलाही जरा धसका बसला. म्हटलं, "सगळ्या? दरसालसारखी निम्मीच करा ना." तर ते दारात वळून म्हणाले, "तू शिकलास ते याच घरात. आता तुझंच ऐकायचं न्हाई तर मंग शिकवलं कशाला?"

वीज असेल तेव्हा मोटार चालली, दोन दिवस. विहिरीचा तळ उघडा पडला, गाळातली एक जुनी घागर दिसायला लागली. साडेतीनशे झाडांना पाणी मिळालं. काका झाडांच्या आळ्याआळ्यांतून अनवाणी फिरत होते आणि एरवी वादळांखेरीज कशावर फारसं न बोलणारा हा माणूस झाडांशी बोलत होता.

वादळ किनाऱ्याजवळ आलं, एक दिवस जागीच थांबलं आणि वर वळलं. ओरिसालाही चुकवून थेट बांगलादेशाकडे गेलं. रेडिओवर ते सांगत असताना काका, मी आणि मावशी तिघं ओसरीत होतो. काकांनी बोट कुंकवात बुडवलेलं होतं. ते त्यांनी धोतराला पुसलं.

पुढच्या आठ-दहा दिवसांत बाग फुलली. इतक्या वर्षांत सगळी झाडं एकदम फुललेली कोणी पाहिली नव्हती. परतूरच्या रस्त्यापर्यंत वास येत होता. सायकलवाले थांबून बघत, म्हणत, "यंदा काकांनी कमाल केली." काका तेव्हा विहिरीत कासऱ्याचा दगड सोडून पाहत असत. मी परतूरहून दोन टँकर आणले; एवढ्या झाडांच्या मुळांशी ते ओलं फडकं फिरवल्यासारखं झालं. मृग कोरडा गेला. आर्द्रा कोरडी गेली. हरभऱ्याएवढी फळं धरली होती, ती आधी गळली, मग पानं गळली, मग शेंडे वाळत खाली येत गेले. रोज सकाळी काका नखाने एकेका झाडाची साल खरवडून आत हिरवं आहे का पाहत. पाऊस आला तेव्हा खरवडून पाहण्यासारखं काही उरलं नव्हतं.

झाडं तोडायला माणसं आली त्या दिवशी मी होतो. मावशीला राहवलं नाही. तिने मला लेकरासारखं वाढवलं होतं, पण त्या दिवशी चारचौघांत तिच्या तोंडून निघालं, "आमच्या भाकरीवर शिकला न् आमचीच बाग वाळवली." मी मान खाली घातली. खोटं काय होतं त्यात? तेवढ्यात काका बाजेवरून उठले आणि आवाज चढवून, गावाला ऐकू जाईल असं बोलले, "त्याला काही म्हणायचं न्हाई. त्याचं बराबर होतं. वादळ सरळच येऊन राह्यलं होतं. त्यांनी वळवलं!" कुऱ्हाडवाल्यांतला एकजण हसला. दुसरा म्हणाला, "झालं, काका पुन्हा सुरू झाले." मी मात्र मान हलवली. हो, त्यांनी वळवलं, असं मीही म्हणालो. काकांची समजूत पुन्हा जागेवर आली, निदान तेवढं तरी त्यांच्याकडे राहिलं, असं मला वाटलं.

नंतर मी जाई तेव्हा ते मुलांची, शाळेची चौकशी करत. मी अंगणात दिसलो की ट्रान्झिस्टर बंद होई. "ऐका ना बातम्या," मी म्हणे. "असू दे. काय राह्यतं त्यात," ते म्हणत.

पुढे काही वर्षांनी दुष्काळातच सरकारने कृत्रिम पावसाचं विमान आणलं. ढगात काहीतरी फवारून पाऊस पाडायचा. एका दुपारी ते आमच्या बाजूने गेलं. सगळं गाव बाहेर आलं. काका आता फार थकले होते, मी त्यांना हाताला धरून, पूर्वी बाग होती त्या रानाच्या कडेला आणलं आणि मोठ्या उत्साहाने म्हणालो, "काका, बघा! शेवटी तुमचंच खरं निघालं. ढगाला माणसं हात घालतात."

त्यांनी डोळ्यांवर हात धरून विमान दिसेनासं होईपर्यंत पाहिलं. मग म्हणाले, "न्हाई रे. तू सांगितलं होतंस तेच खरं. वळवणारा कोणी न्हाई. त्या दिवशीच पटलं होतं मला."

"मग झाडं तोडली तेव्हा तुम्ही म्हणालात की..."

"तुझी मावशी बोलून राह्यली होती ना तुला."

इतकी वर्षं मी समजत होतो की त्यांच्या त्या लोकांपाशी, कोणी का असेनात, काकांची निदान एक तक्रार तरी पडून आहे. तीही त्यांनी केव्हाच सोडून दिली होती. इतकी वर्षं समोरच्या उघड्या रानाकडे ते बघत बसत, तेव्हा कोणाचा राग करावा एवढंही त्यांना उरलं नव्हतं. आणि हे मीच त्यांना शिकवलं होतं, परातीत पाणी फिरवून.

विमान गेलं त्या दिशेला थोडे ढग होते. काका म्हणाले, "चल मास्तर, ऊन लागंल तुला." आणि माझ्या खांद्याचा आधार घेऊन ते घराकडे वळले.